धरायची राहिलेली मजुरी

"बावीस हजार," ती म्हणाली.

म्हणाली म्हणजे ओठ हलले. टेबलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी मान पुढे केली. "किती?"

तिने घसा साफ केला. "बावीस हजार. माल धरून. दोन्ही खोल्यांचा गिलावा."

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "बरं. मुकादमांचा भाव दुपारी येणार आहे. चार वाजता तुम्हीही या. समोरासमोरच ठरवून टाकू."

ती उठली तेव्हा खुर्चीच्या पाठीवर तिच्या घामाचा ओला डाग होता. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने पहिल्यांदाच कुणाला स्वतःच्या तोंडाने भाव सांगितला होता.

साइटवर तिला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. खाली लोंबतो, सरळ राहतो, बोलत नाही. ही तशीच. मान खाली, काम सरळ, तोंडातून शब्द नाही. पोरं चिडवायची, "ओळंबाताई, आज बोलशील की उद्या?" ती नुसती हसायची आणि घमेलं उचलायची.

घमेल्यापासूनच तिची सुरुवात झाली होती. माल कालवायचा, डोक्यावर घ्यायचा, बांबूच्या परांचीवर चढवायचा. गवंडी चहाला गेले की ती त्यांची थापी उचलायची आणि अर्धवट राहिलेला कोपरा पुरा करायची. गिलाव्यात कोपरा सगळ्यात अवघड. सपाट भिंतीवर माल मारणं कुणालाही महिन्याभरात जमतं. कोपऱ्यात दोन भिंती भेटतात आणि दोन्हींची चूक तिथे उघडी पडते. मनगट सैल ठेवून श्वास रोखून थापी एका ओढीत वरून खाली आणावी लागते. मध्ये थांबलात की भिंतीला खूण राहते आणि ती जन्मभर दिसते.

मुकादमाने हे पाहिलं आणि कोपरे तिच्याकडे दिले. गवंड्याचा रोज मात्र दिला नाही. गवंड्याला सातशे, हिला साडेचारशे. तेही तिला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं, कारण मुकादमाकडे एक पद्धत होती. हप्त्याचे पैसे तो घडी घालून हातात द्यायचा आणि घेणाऱ्याने ते तसेच खिशात टाकायचे. त्याच्यासमोर उलगडून मोजायचे नाहीत. एकदा एका नव्या माणसाने मोजले. मुकादम हसून म्हणाला, "मी चोर वाटतो काय रे?" पुढच्या सोमवारी त्या माणसाला बोलावणं आलं नाही.

दुसरा नियमही त्याचाच. ज्याने परस्पर स्वतः काम धरलं, त्याला परत घ्यायचं नाही.

म्हणजे आज चार वाजता मुकादमाला कळणार होतं. हे काम मिळालं नाही, तर उद्यापासून दोन्ही दारं बंद.

बाहेर पायरीवर तिची धाकटी जाऊ बसली होती. माल वाहायला तिला बरोबर घ्यायचं ठरलं होतं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"ऐकू गेलं का पण त्यांना?"

"दुसऱ्यांदा गेलं."

धाकटी खूश होऊन उठली. दोघी चालायला लागल्या. धाकटीला एकदम सुचलं. "जाऊबाई, माझे किती धरलेत?"

"रोज चारशे. दहा दिवसांचे चार हजार."

"आणि तुमचे?"

ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

मनातल्या मनात तिने सगळं परत मांडलं. सिमेंट आणि वाळू मिळून चौदा हजार. परांचीचं भाडं दोन. हातगाडीचा एक. धाकटीचे चार. वरखर्चाला एक. झाले बावीस. परत मांडले. परत बावीस. बेरीज कुठेच चुकली नव्हती. तिचे स्वतःचे पैसे त्यात नव्हतेच. जिचा दाम मोजायचा नसतो, अशी तिच्या हिशेबी एकच गोष्ट होती, तिचे हात.

"काय झालं?" धाकटी म्हणाली. "चेहरा का उतरला?"

"फुकट करणार होते मी."

"अगंबाई!" धाकटीने तोंडावर हात ठेवला. पण हसू तिच्याने आवरेना. "दहा दिवस फुकट? मग माझ्या चार हजारातले दोन घ्या, नाहीतर रात्री झोप नाही लागायची मला!"

ओळंबा हसली नाही. शब्द तोंडातून गेला होता. या धंद्यात भाव सांगून फिरवणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरं आणि हिशेब शिकवायचा एक निवृत्त बस कंडक्टर. ती तडक तिकडे गेली. दिवसा तो तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा.

त्याची तिची ओळख बसमधली. तेव्हा पैसे द्यायची तिची एकच रीत होती. तळहातावर होतं नव्हतं ते सगळं ठेवायचं आणि हात पुढे करायचा. वाणी असो, औषधवाला असो, ज्याचं जेवढं असेल तेवढं त्याने उचलावं. बसमध्ये तिने तसाच हात पुढे केला आणि या माणसाने हात मागे घेतले. "मी उचलणार नाही. तुम्ही मोजून द्या."

"घ्या ना तुम्हीच."

"मी दोन जास्त उचलले तर?"

"तुम्ही कशाला उचलाल?"

"तेच म्हणतोय. कशाला उचलू? तुमचे पैसे, तुमचा हात." मागून माणसं ओरडायला लागली. "अहो कंडक्टर, शाळा नंतर भरवा!" त्याने घंटीची दोरी ओढून बस उभी केली. तिला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नाणी एकेक करून तिने त्याच्या हातावर ठेवली. शेवटी दोन जास्त झाली, ती त्याने परत दिली आणि बस सोडली. निवृत्त झाल्यावर त्याने वर्ग काढला असं तिने ऐकलं आणि गेल्या वर्षी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

वर्गात त्याचा एकच हट्ट होता. उत्तर मोठ्याने सांगायचं. "पुटपुटलेलं बरोबर उत्तर मी चूक धरतो," तो म्हणायचा. "बाजारात पुटपुटणाऱ्याला कुणी सुट्टे परत देत नाही." वजाबाकीही तो मोठ्यानेच करायला लावायचा. आधी हजार काढ, मग शेकडे, घाई नको.

आज तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"काल मीच तपासला हा हिशेब. बेरीज बघितली, बरोबर आली, पाठ थोपटली तुझी. एक माणूसच गाडीत चढलं नाही, हे मला दिसलं नाही. सत्तावीस वर्षं कंडक्टर होतो मी!"

"आता काय करू?"

"चारला जा आणि सांग. चुकले म्हण."

"शब्द फिरवला म्हणतील."

"म्हणतील. म्हणू दे." त्याने चष्मा परत घातला. "आणि स्वतःचा रोज किती धरणार?"

तो सांगेल म्हणून ती थांबली. त्याने वर्तमानपत्र उघडलं. "मी नाही उचलणार," तो कागदाआडून म्हणाला.

घरी नवरा खाटेवर टेकून बसला होता. तो गवंडी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला आणि कंबर गेली. तेव्हापासून खाट, समोरची भिंत आणि तोंड एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. तोंड मात्र धडधाकट होतं.

"आलीस? झाली का कंत्राटदारीण?"

तिने सांगितलं. तो आधी हसला, मग खोकला.

"बावीसला घेऊन टाक," तो म्हणाला. "पहिलं काम. लोकांना कळेल. पुढच्या कामात धर तुझे."

"दहा दिवस दोन वेळा चूल कशावर पेटवू?"

तो पांघरुणाची कड ओढत बसला.

"माझा रोज किती धरू?" तिने विचारलं.

"मुकादम काय देतो?"

"साडेचारशे."

"मग तेवढाच धर."

"गवंड्याला सातशे आहे."

तो ताडकन म्हणाला, "गवंड्याला! मला होता सातशे. वीस वर्षं थापी मारली तेव्हा. तू गवंडी आहेस का?"

तिने चूल पेटवायला घेतली. काडी दोनदा विझली. तिने वळून पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. ती भिंत त्याने निम्मी केली होती, तेवढ्यात तो साइटवर पडला. उरलेली निम्मी तिने केली, रोज साइटवरून आल्यावर, दिव्याच्या उजेडात, उरलासुरला माल आणून. तो खाटेवर पडून तिला शिव्या घालत होता, "मनगट सैल सोड, भिंतीला कुरवाळू नकोस, ती काय तुझी सासू आहे?"

"तीन वर्षं बघतोय," तो आता म्हणाला. आवाज बदलला होता. "माझं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं, ते शोधतोय. रोज शोधतो. दुसरा उद्योग काय आहे मला? सापडत नाही."

तिने काडीपेटी खाली ठेवली.

"सातशे धर," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "आणि चहा दे. गवंड्याला चहा लागतो."

दहा दिवसांचे सात हजार. बावीस आणि सात, एकोणतीस. चहा उकळेपर्यंत ती मोठ्याने म्हणत राहिली. एकोणतीस. एकोणतीस हजार. आकडा तोंडात मावत नव्हता.

चार वाजता दवाखान्यात मुकादम आधीच बसला होता. पाय पसरून, चहाचा कप हातात. तिला पाहून त्याने भुवया वर केल्या.

"तू इथे कशी? दवा घ्यायला आलीस?"

"यांनीही भाव दिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुकादमाने कप खाली ठेवला. हळू ठेवला, पण बशीवर आवाज झालाच. "भाव? हिने? हिला सकाळी नमस्कार केला तर दुपारी उत्तर मिळतं!" मग तिच्याकडे न बघता, "सोमवारपासून यायची गरज नाही तुला. कळलं ना?"

तिला ते कळलेलंच होतं. खुर्ची होती, पण ती बसली नाही. बसली असती तर बोलली नसती.

"बाई," ती म्हणाली, "सकाळी मी बावीस सांगितले. ते चुकले."

"चुकले म्हणजे?"

"त्यात माझी मजुरी धरायची राहिली. सात हजार. धरून एकोणतीस होतात." मग परत, मोठ्याने, कंडक्टर समोर बसल्यासारखं, "एकोणतीस हजार."

मुकादम हसत सुटला. "बघा! सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी चौतीस होतील. बाई, माझे सत्तावीस आहेत, आणि मी शब्द फिरवत नाही."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली. "तुमच्यापेक्षा मुकादम दोन हजारांनी स्वस्त आहेत. आणि सकाळी तुम्ही बावीस म्हणाला होता. खरं सांगू? बावीसला करत असाल तर आत्ता काम देते. या क्षणी."

बावीस म्हटलं की संपलं. काम हातात, मुकादमाचं तोंड बंद, घरी जाऊन सांगता येईल की मिळालं. मग दहा दिवस मान वर, हात वर, सिमेंट डोळ्यात, आणि शेवटी मिळणार शून्य. पंचवीस म्हणावं का? पंचवीस म्हणजे तीन हजार तिचे. सातशेचा रोज दहा दिवस राबून तीनशे. जिभेवर पंचवीस येऊन बसलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग कमी किती करता?"

"नुसता भाव नाही कमी करत." आवाज कापला, तिने तो तसाच पुढे रेटला. "काम कमी झालं तर भाव कमी. गिलावा झाल्यावर सात दिवस भिंतीला पाणी मारावं लागतं, सकाळ-संध्याकाळ. त्याचे मी माझे दोन रोज धरलेत. तुमच्या माणसाने पाणी मारलं, तर ते काढते."

"मारेल तो. किती कमी होतील?"

आता सगळे तिच्याकडे बघत होते. दोन रोज. सातशे आणि सातशे. चौदाशे. एकोणतीस हजारातून चौदाशे. डोक्यात सगळं एकदम पांढरं झालं. मुकादम बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होता, ठक, ठक. आधी हजार काढ. घाई नको.

"एकोणतीसातून एक हजार गेले," ती मोठ्याने म्हणाली. "राहिले अठ्ठावीस." ठक, ठक. "त्यातून चारशे..." ती थांबली. मुकादमाने तोंड उघडलं. तिने हात वर केला, परांचीवरून खालच्याला थांब म्हणून करतात तसा. "चारशे गेले. सत्तावीस हजार सहाशे."

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर आकडा लिहिला. "तरी सहाशे जास्तच."

तिचं सांगायचं ते सांगून झालं होतं. आता गप्प राहणं तिला जमत होतं, त्याची सवय होती.

"मुकादम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत तुमच्या माणसांनी केले तसेच कोपरे मला हवेत. तुमच्या सत्तावीसमध्ये कोपरे कोण करणार?"

"कोण म्हणजे? ही आहे की," मुकादम सहज म्हणाला. "कोपरे हिच्याशिवाय आमच्यात कोण..."

बोटांचा ताल थांबला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही करणार यांच्याकडे?"

"सोमवारपासून यायचं नाही म्हणालेत," ती म्हणाली. "आणि बोलावलं तरी नाही."

मुकादम उठला नाही. त्याने गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. हसण्याचा प्रयत्न केला. "बघा बाई, पहिलंच काम हिचं. नंतर माझ्याकडे येऊ नका."

"नाही येत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खण उघडून पैसे काढले. "हे दहा हजार आगाऊ. सोमवारी सुरू करा." आणि घडी घातलेल्या नोटा तिच्यासमोर धरल्या.

तिचा हात आपोआप पुढे निघाला, तळवा वर, बोटं सैल. जन्माची सवय. अर्ध्यावर तिने तो मागे घेतला.

"टेबलावर ठेवा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना जरा नवल वाटलं, पण त्यांनी ठेवले. तिने घडी उलगडली. पाचशेच्या नोटा. तिने पहिली उचलून बाजूला ठेवली. "एक."

"बाईंसमोर मोजतेस?" मुकादम म्हणाला. "त्या काय चोर आहेत?"

"दोन. तीन." अंगठा ओला करून ती पुढे गेली. नोटा नव्या होत्या, एकमेकींना चिकटत होत्या. "नऊ. दहा. अकरा."

मुकादम खोकला. मोठ्याने, मुद्दाम. तिचा हात थबकला. अकरा की बारा? कुठल्या नोटेवर होती ती? अंदाजाने पुढे गेली असती तर कुणाला कळलंही नसतं.

तिने सगळ्या नोटा परत एकत्र केल्या, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

"मोजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीला टेकून बसल्या. "मला घाई नाही."

"एक," ती म्हणाली. या वेळी आवाज दारापलीकडे गेला. बाहेर पायरीवर धाकटी बोटं धरून तिच्याबरोबर मोजायला लागली.